फोनला घाम फुटतो तेव्हा

पुण्यात कुणासमोरही 'गोंदिया' म्हणून बघा. समोरचा हमखास म्हणणार, 'अरे, ती महाराष्ट्र एक्सप्रेस जाते ना तिथे!' बस्स. कोल्हापूरहून निघणाऱ्या गाडीच्या पाटीवरचं शेवटचं नाव, ही आपल्या लेखी गोंदियाची एकूण ओळख. माझ्यासाठी मात्र गोंदिया म्हणजे आत्या. आणि आत्या म्हणजे मे महिना, कूलरची घरघर, वाळ्याचा वास आणि दुपारी एक ते पाच घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हा कायदा. लहानपणी तो मोडला म्हणून मी तिच्या हातचे धपाटे खाल्लेत. मोठेपणी मोडला तेव्हा शिक्षा माझ्या फोनला झाली. म्हणजे निदान तेव्हा मला तसं वाटलं.

तर झालं असं. मे 2024 चा शेवटचा आठवडा. आत्याची पंचाहत्तरी. वाढदिवस काही कुणाला विचारून येत नाही, त्यामुळे तो नेमका नवतपात आला. नवतपा म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी सांगतो. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून पुढचे नऊ दिवस. विदर्भात हे नऊ दिवस लोक परीक्षेच्या पेपरांसारखे मोजतात. आणि 2024 चा पेपर सॉलिड अवघड होता. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवून देशभर खळबळ उडवून दिली. दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं 52.9 दाखवले. नंतर हवामान खात्यानं खुलासा केला, की सेन्सरच चुकत होते. थोडक्यात, ऊन मोजायला बसवलेल्या यंत्रांचीच गडबड झाली होती. हे मी विमानात बसून वाचलं आणि खो खो हसलो. अजून नागपूरला उतरायचं होतं ना!

नागपूर विमानतळावरून गाडी बुक केली होती. ड्रायव्हर चाळिशीतला, अबोल, मूळचा सडक अर्जुनीकडचा. मी बसताक्षणी माझी शहरी सामग्री बाहेर काढली. समोरच्या काचेला चिकटवायचा होल्डर, त्यात काळा फोन, फोनला जाडजूड काळं कव्हर, फास्ट चार्जर, नकाशा चालू, ब्लूटूथवर गाणी. ब्राइटनेस फुल्ल, नाहीतर उन्हात दिसणार काय? वर मांडीवर लॅपटॉप, कारण एक प्रेझेंटेशन संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. त्यासाठी फोनचा हॉटस्पॉट. नाव बघा, हॉट-स्पॉट! देव आधीच सूचना देतो, आपण वाचत नाही.

"रस्ता मले माहीत आहे जी," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. "मी इकडलाच आहो."

"असू दे हो भाऊ, ट्रॅफिक कळतं," मी म्हटलं.

भंडारा गेलं, साकोली गेली. राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे आपला जुना सहा नंबर, मस्त मोकळा. ट्रॅफिकच्या नावानं ट्रकांच्या मागे ट्रक. कोहमाऱ्याला डावीकडे वळून गोरेगावच्या रस्त्याला लागलो. मुरदोलीचं जंगल सुरू झालं आणि गाणं मध्येच थांबलं. आधी स्क्रीन आपोआप अंधूक झाला. मग चार्जिंगची खूण गेली. मग नकाशा अडकला. आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: फोन फार गरम झाला आहे, थंड झाल्यावर वापरा. खाली फक्त इमर्जन्सी कॉलचं बटण. हातात घेतला तर अक्षरशः तव्यावरची भाकरी.

मी कंपनीचं नाव घेऊन दोन-चार शेलके शब्द उच्चारले. ते इथे छापता येणार नाहीत. पण खरं सांगू का, कंपनीची काहीच चूक नव्हती. नंतर मी हे प्रकरण जरा खोलात जाऊन वाचलं. आयफोनचंच घ्या. ॲपल स्वच्छ लिहितं, की फोन वापरताना भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश असावं आणि नुसता ठेवून द्यायचा असेल तर उणे 20 ते 45. बाकीच्या कंपन्याही साधारण याच गल्लीत आहेत. आता मला सांगा, नवतपात गोंदियात 35 अंश कधी असतात? पहाटे? म्हणजे कंपनीच्या लेखी ऐन मे महिन्यात भरदुपारी आख्खा जिल्हाच 'वापरण्यास अयोग्य'! गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, सगळं. कॅलिफोर्नियात बसून लिहिलेल्या नियमात आमच्या आत्याचं घर बसतच नाही, अगदी सावलीतलं माजघरसुद्धा.

आणि मी तर फोन सावलीतही ठेवला नव्हता. काचेतून ऊन आत येतं, काळा डॅशबोर्ड ते पितो, तापतो आणि उष्णता परत फेकतो. ही फेकलेली उष्णता काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाही. भट्टी तयार. त्या भट्टीच्या तोंडाशी मी फोन टांगला होता, वर त्याला आतूनही तापवत होतो. फास्ट चार्जिंग म्हटलं की बॅटरी गरम होणारच. जीपीएस आणि फुल्ल ब्राइटनेस प्रोसेसरला राबवणार. जंगलात टॉवर लांब, त्यामुळे रेंज पकडायला फोन जास्त ताकद लावणार. त्यात हॉटस्पॉट. आणि ही सगळी उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वरून सिलिकॉनचं स्वेटर. एसी चालू होता हो, पण त्याचा झोत माझ्या छातीवर होता. फोनवर नाही.

बिचारा फोन यात काय करतो, तर स्वतःला वाचवतो. बॅटरीजवळ तापमान जोखणारा एक इवलासा सेन्सर बसवलेला असतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असा शिरस्ता आहे. सेन्सरनं तो आकडा सांगितला की चार्जिंग आधी मंदावतं, मग बंदच होतं. तरी तापमान चढत राहिलं तर प्रोसेसरचा वेग कमी, स्क्रीन अंधूक, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद, आणि शेवटी दुकानाला टाळं. आपण समजतो चार्जर खराब, केबल खराब, पिन खराब. तीन-तीन केबली विकत घेतो. मी घेतल्यात.

गोंदिया शहराबाहेरच्या लॉनवर पोचेपर्यंत फोन थोडा भानावर आला होता. (विदर्भात लॉन म्हणजे हिरवळ नव्हे, मंगल कार्यालय. हिरवळ असेलच असं नाही.) बॅटरी 31 टक्के. हॉलमध्ये प्लग सापडेना. सगळे कूलरांनी अडवलेले, आणि मे महिन्यात कूलरची पिन उपटणाऱ्याला गोंदियात काय शिक्षा देतात हे मला माहीत नाही, पण विचारायची हिंमतही झाली नाही. मग मी माझं डोकं चालवलं. फोन गाडीतच चार्जिंगला लावला.

"भाऊ, तुम्ही आहात ना इथे? जरा लक्ष ठेवा."

"राहू द्या नं जी. मी आहो नं जवर."

पार्किंगमध्ये एकही झाड नव्हतं. साडेअकरा वाजले होते.

आत काय माहोल होता म्हणून सांगू! आत्या हिरव्या पैठणीत, पंचाहत्तर दिव्यांचं ताट, औक्षण, नातवंडांचा डान्स, पंगत. मी तीनदा कैरीचं पन्हं प्यायलो. अडीचच्या सुमाराला प्रेझेंटेशन आठवलं आणि फोन आणायला बाहेर पडलो. दारातून पाऊल टाकलं आणि तोंडावर कुणीतरी भट्टीचं झाकण उघडल्यासारखं वाटलं.

गाडीची चारही दारं उघडी होती. ड्रायव्हरभाऊ मागच्या सीटवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, डोळे मिटून. दुपट्टा ओला होता म्हणजे सकाळी कधीतरी. आता कडकडीत वाळला होता. पाण्याची बाटली रिकामी. आणि मी काय विचारावं?

"भाऊ, चार्ज झाला का हो?"

त्यांनी डोळे उघडले. "नाही जी. घडीघडी बंद होऊन रायलं. मोबाईल तं सांगते, मले गरम होऊन रायलं म्हणून."

फोनवर 34 टक्के होते. तीन तासांत तीन टक्के. मी फोन उपसून घेतला, निघालो, आणि दोन पावलांवर थबकलो. कारण भाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी गाडीचा टप धरला, चटका बसूनही.

"तुम्ही आत येऊन का नाही बसलात? निदान त्या भिंतीच्या सावलीला?"

"तुमचा मोबाईल होता नं आत. लॅपटॉप पण. सोडून कसा जाऊ?"

मंडळी, मी काही फार संवेदनशील वगैरे माणूस नाही. पण त्या क्षणी मला 31 आणि 34 हे दोन्ही आकडे फार घाण वाटले.

त्यांना आत आणलं. म्हणजे आणलं आत्यानं. मी नुसता बाजूला उभा होतो. तिनं एका नजरेत ओळखलं. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, जेवण नको म्हणत होते. तिनं पैठणीचा पदर खोचला, त्यांना कूलरसमोर आडवं केलं, मानेला, काखेत ओले टॉवेल लावले आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं. त्यांच्या खिशातून कांदा पडला. ऊन लागू नये म्हणून इकडे खिशात कांदा ठेवतात. कांद्यानं काही होतं का, हा वाद मी इथे घालणार नाही, पण तो माणूस सकाळपासून उन्हाची तयारी करून आला होता, एवढं मला दिसलं. माझ्या तयारीत होल्डर होता.

आत्याच्या भाचेसुनेनं डॉक्टरांना फोन लावला. अंग फार तापलेलं नाही, बोलणं नीट आहे, शुद्ध आहे, हे विचारून ते म्हणाले, असंच गार करत राहा, तासाभरात बरं वाटलं नाही किंवा बरळायला लागले तर थेट दवाखान्यात आणा. तासाभरात भाऊंनी चहा मागितला. मी श्वास सोडला.

"बाबू," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोनले टोपी घालून ठेवली होती नं तू?"

कव्हरला ती टोपी म्हणते. मी गप्प.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी गाडी किती तापते हे शोधत बसलो. अमेरिकेत ॲरिझोना नावाचं राज्य आहे, आपल्या विदर्भाचं सख्खं मावसभावंडं म्हणा. तिथल्या टेंपी शहरात विद्यापीठाच्या लोकांनी उन्हात आणि सावलीत गाड्या उभ्या करून मोजमाप केलं. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असलेले दिवस. उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात आतली हवा सरासरी 47 अंश, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड 69. एकोणसत्तर! सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्डसुद्धा 48. म्हणजे सावली शोधून गाडी लावली तरी चार्जिंगच्या हिशेबानं तो डॅशबोर्ड बादच. आणि 'काच बोटभर खाली ठेवली की झालं' हा आपला लाडका फंडाही खोटा. 2005 मध्ये 'पीडिॲट्रिक्स'मध्ये आलेल्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नव्हता. तापमानाची बहुतेक सगळी वाढ तर पहिल्या अर्ध्या तासातच होऊन गेली होती.

पण मला गप्प केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. यातला एकही अभ्यास फोनसाठी केलेला नव्हता. दोन्ही गाडीत राहून गेलेल्या लहान मुलांसाठी होते. उन्हातल्या गाडीत दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उष्माघाताच्या रेषेपर्यंत, 40 अंशांपर्यंत, जायला साधारण एक तास पुरतो, असा ॲरिझोनावाल्यांचा हिशेब आहे. सावलीत साधारण दोन तास. भाऊ काही दोन वर्षांचे नव्हते आणि दारं उघडी होती, हे मी स्वतःला पाच-सहा वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझा मुक्काम होताच. भाऊही त्यांच्या गावी जाऊन झोप काढून संध्याकाळी परत आले. बरे दिसत होते. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि ओशाळून म्हणाले, याचं मागचं झाकण उचललं आहे, बाजारातून बदलून घेतो, तोवर तुम्ही चहा घ्या. फोन हातात घेतला तर पाठीवर चक्क टेंगूळ. बॅटरी फुगलेली. काल पूर्ण दिवस तोही त्याच गाडीत होता, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्या फोनवर काय नव्हतं? ट्रिप त्यावर येते. गाडीच्या किलोमीटरचा फोटो त्यावरून मालकाला जातो. डिझेलचे, टोलचे, चहाचे पैसे त्यावरून. माझा फोन बंद पडला तर माझं प्रेझेंटेशन लेट होतं. त्यांचा बंद पडला तर दिवस जातो.

गोरेलाल चौकाजवळच्या गल्लीत एका मोबाइलवाल्याकडे गेलो. पोरगा पंचविशीचा असेल, पण फोन बघून डॉक्टरसारखी मान हलवली. एप्रिल ते जून आमच्याकडे हेच, म्हणाला. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, शेतात उन्हाळी धान कापायला जाणारे; सगळ्यांची बॅटरी फुगलेली. त्यानं काळजीपूर्वक झाकण काढलं, ते बघण्यासारखं होतं. लोखंडी पट्टी नाही, प्लास्टिकची. 'याले टोचलं तं आग लागते', हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मी आपसूक मागे सरकलो.

फुगण्याचं कारण साधं आहे. बॅटरीच्या आत जे द्रव असतं ते सेंद्रिय द्रावकांचं. उष्णतेत त्याचं विघटन होतं, वायू तयार होतो, आणि बंद पाकिटात वायू जाणार कुठे? त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात जास्त लवकर खराब होते. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरचा तक्ता बॅटरीवाल्यांत प्रसिद्ध आहे. 40 अंशांत वर्षभर नुसती पडून राहिली, तर 40 टक्के चार्ज असलेली बॅटरी आपल्या क्षमतेपैकी सुमारे 85 टक्के टिकवते आणि शंभर टक्के भरलेली फक्त 65. आपण काय करतो? गाडीत बसल्या बसल्या शंभर टक्के करतो आणि मग शंभरावरच दिवसभर प्लगला टांगून ठेवतो. (2016 चा सॅमसंगचा नोट 7 आठवून घाबरू नका. ती आग बॅटरीच्या रचनेतल्या आणि बनावटीतल्या दोषांमुळे होती, उन्हामुळे नव्हे.) फुगलेला फोन मात्र चार्ज करत राहू नका, दाबून झाकण बसवू नका. भाऊ आठवडाभर झाकणाला रबर बँड लावून फिरत होते.

नव्या बॅटरीचे पैसे मी दिले. हा काही पराक्रम नाही, पावती फाडल्यासारखं होतं ते. भाऊंनी आधी नाही म्हटलं, मग घेतले.

परतीच्या दिवशी आत्यानं आम्हाला पहाटे पाचला हुसकलं. होल्डर मी बॅगेत टाकला. त्याऐवजी एसीच्या जाळीला अडकवायची एक क्लिप त्याच दुकानातून घेतली होती, ती लावली. गार हवा थेट फोनच्या पाठीवर. कव्हर काढून खिशात. नकाशा रात्रीच वायफायवर उतरवून घेतला होता, म्हणजे जंगलात रेंजच्या मागे धावायला नको. चार्जिंग घरीच ऐंशी टक्के करून निघालो, गाडीत केबल लावलीच नाही. पॉवर बँक हँडबॅगेत. विमानात ती चेक-इन बॅगेत ठेवू देत नाहीत हे आपल्याला पाठ असतं, आणि तीच आपण उन्हातल्या गाडीच्या कप्प्यात आठ-आठ तास विसरतो. माझ्या चुलतभावानं एक जालीम उपायही सुचवला होता: तापला की पाच मिनिटं फ्रीजमध्ये. अजिबात करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि मग फोन उन्हानं नाही, पाण्यानं जातो. सावलीत, कव्हर काढून, पंख्याखाली ठेवा. माणसासारखंच.

मुरदोलीच्या जंगलात उजाडलं. एका मामा तलावाकाठी भाऊंनी आपणहून गाडी थांबवली. (मालगुजारांच्या काळातले तलाव, म्हणून मामा तलाव.) पाण्यावर गार वारा होता. आम्ही दोघं पाच मिनिटं काहीच न बोलता उभे राहिलो.

"भाऊ, परवा तुम्ही मला हाक का नाही मारली?" मी शेवटी विचारलं.

"कोन्या नंबरवर जी?" ते म्हणाले. "तुमचा मोबाईल तं माझ्याजवरच होता."

नऊच्या सुमाराला विमानतळावर पोचलो. फोन गार, 62 टक्के. मी सामान उतरवत होतो तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. नवी बॅटरी, खणखणीत आवाज. आत्याचा होता. पंचाहत्तरीत तिनं त्यांचा नंबर कधी घेतला कुणास ठाऊक.

"पोचले का तुमी बरोबर? पानी पिले? आता परत येताना दुपार नका करू."

भाऊ 'हाव जी, हाव जी' म्हणत राहिले. मी हात पुढे केला, म्हटलं, द्या, मीही बोलतो. तोवर तिनं फोन ठेवला होता.